नॅनोबॉडी शुद्ध करायचीय? आधी तिचं वजन लक्षात ठेवा

लॅबमध्ये नवीन जेआरएफ (कनिष्ठ संशोधक) आला की मी त्याला जीएफपीला चिकटणारी नॅनोबॉडी बनवायला देते. जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन, त्यामुळे काम जमलं की फसलं ते डोळ्यांनीच कळतं.

उंटाच्या काही अँटिबॉडींना हलकी साखळी नसतेच, हे ब्रसेल्सच्या संशोधकांनी १९९३ मध्ये दाखवलं. त्यांचा अँटिजेन पकडणारा शेंडा तेवढा कापून घेतला की झाली नॅनोबॉडी. नेहमीची अँटिबॉडी, म्हणजे आयजीजी, १५० किलोडाल्टनची (हे रेणूच्या वजनाचं एकक), ही जेमतेम १५. पुढे जिथे जिथे माल हातचा जातो, तिथे बहुतेक वेळा हा आकडा विसरलेला असतो.

कल्चरचं फार कौतुक नको. ई. कोलाय जिवाणूचा डब्ल्यूके६ स्ट्रेन, टीबी (टेरिफिक ब्रॉथ) मीडियम, ओडी (गढूळपणाचं माप) ०.६ ते ०.९ आला की १ मिलिमोलर आयपीटीजी (प्रथिन बनवणं सुरू करणारं रसायन) आणि रात्रभर २८ अंशांवर शेकर. फ्लास्क एक तृतीयांशच भरा, हवा खेळली पाहिजे. नॅनोबॉडीचा डायसल्फाइड बंध पेरिप्लाझममध्ये (जिवाणूच्या दोन पडद्यांमधल्या जागेत) नीट जुळतो, म्हणून तिला पेलबी सिग्नल (पत्त्याची चिठ्ठीच) लावून तिथे पाठवलेलं असतं. त्यामुळे ध्वनिलहरींनी पेशी फोडणाऱ्या सोनिकेटरला हात लावू नका. पेशी फोडल्या की आतलं सगळं गाळ-घाण घेऊन बाहेर येतं.

त्याऐवजी ऑस्मॉटिक शॉक द्या. एक लिटर कल्चरचा पेलेट (तळाशी बसवलेल्या पेशी) १२ मिली थंडगार टीईएसमध्ये (ट्रिस, ईडीटीए आणि ०.५ मोलर साखर) मोकळा करून तासभर बर्फावर हलवत ठेवा. मग चौपट पातळ केलेलं टीईएस २४ मिली घाला आणि आणखी तासभर हलवा. साखर एकदम उतरली की पाणी आत घुसतं आणि पेरिप्लाझममधला माल बाहेर पडतो. स्पिन करा. सुपरनेटंट (वरचं पाणी) जपून ठेवा, पेलेटही लगेच फेकू नका.

आता खरी गोम. नॅनोबॉडीची हिस्टिडिन शेपटी पकडणाऱ्या निकेल कॉलमवर हे सुपरनेटंट थेट चढवलं तर त्यातलं ईडीटीए निकेल ओढून घेतं आणि कॉलममधला निळा रेझिन पांढरा पडत जातो. काही जण मॅग्नेशियम क्लोराइड घालून निभावतात, पण ईडीटीएला मॅग्नेशियमपेक्षा निकेल कितीतरी जास्त प्रिय. माझा भरवसा पीबीएस या खारट बफरमधल्या रात्रभराच्या डायलिसिसवर. फक्त ट्यूबिंग बघून घ्या! ड्रॉवरमध्ये बहुधा १२-१४ किलोडाल्टन कटऑफचंच (साधारण त्याहून लहान रेणू बाहेर जाऊ देणारं) पडलेलं असतं, आणि त्यातून १५ ची नॅनोबॉडी झिरपत राहते. ३.५ चं मागवा. पुढे कॉन्सन्ट्रेटर वापरतानाही तेच: ३० चा फिल्टर लावलात तर नॅनोबॉडी खालच्या नळीत जाते.

कॉलमवर बांधा, २० मिलिमोलर इमिडाझोलने (निकेलवरून शेपटी सोडवणारं रसायन) धुवा, ५०० ने उतरवा. बफरमध्ये डीटीटी हे रसायन नको, त्याने डायसल्फाइडही तुटतो आणि रेझिनही तपकिरी होतो. शुद्धता तपासायला जेल १५ टक्क्यांचं ओता. १० टक्क्यांच्या जेलवर नॅनोबॉडीचा बँड डाय फ्रंटजवळ (रंगाच्या पुढच्या कडेला) जाऊन बसतो.

मग परीक्षा. जीएफपीमध्ये नॅनोबॉडी थोडी जास्तच मिसळा आणि सुपरडेक्स ७५ या कॉलमवर चालवा; त्यातून मोठे रेणू आधी बाहेर येतात. शेजारी नुसतं २७ किलोडाल्टनचं जीएफपी चालवलेलं असू द्या. जोडी ४२ च्या आसपासची, म्हणून हिरवा रंग आधीच्या फ्रॅक्शनमध्ये सरकतो. उरलेली नॅनोबॉडी मागून, बिनरंगाची येते. रंग जागचा हलला नाही तर नॅनोबॉडी जीएफपीला चिकटलेली नाही, मग जेलवर बँड कितीही देखणा असो.

औषध करतानाही हाच आकडा आडवा येतो. इतका छोटा रेणू मूत्रपिंडातून भराभर गाळला जातो. म्हणून जपानमध्ये २०२२ मध्ये मान्यता मिळालेल्या ओझोरालिझुमॅब या औषधामध्ये टीएनएफ (दाह वाढवणारं प्रथिन) पकडणाऱ्या दोन नॅनोबॉडींसोबत रक्तातल्या अल्ब्युमिन या मोठ्या प्रथिनाला धरणारी तिसरी जोडली आहे. कॅप्लासिझुमॅब हे औषध मात्र दोन नॅनोबॉडींचं आणि ई. कोलायमध्येच बनतं, युरोपात त्याला २०१८ मध्ये परवानगी मिळाली.

तुमचा माल पेशींवर टाकायचा असेल तर आधी एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूच्या आवरणातलं एलपीएस, काढा आणि ते उरलं नाही ना हे बघायला एलएएल टेस्ट करा. नाहीतर मॅक्रोफेज (प्रतिकार करणाऱ्या पेशी) चवताळतील ते एलपीएसमुळे, आणि तुम्ही श्रेय द्याल नॅनोबॉडीला.