परदेशात उधारीवर माल पाठवताय? आधी त्या देशाचं नवं-जुनं बघा

31 मार्च जवळ आला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या विकास सोसायट्यांत काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. चार दिवसांसाठी हातउसने पैसे आणायचे, जुनं पीककर्ज निल करायचं आणि लगेच नवं उचलायचं. यालाच आपण नवं-जुनं म्हणतो. देशांची कर्जंही अशीच चालतात. मुदत संपलेल्या रोख्याचं (बाँडचं) मुद्दल सहसा कोणी खिशातून देत नाही, नवा रोखा विकून देतात. त्यामुळे ‘देशावर कर्ज किती’ हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. येत्या 12 महिन्यांत किती कर्ज फिरवायचं आहे, ते कुठल्या चलनात आहे आणि फिरवायला पैसे देणार कोण, हे आधी विचारायचं. जपानचं सरकारी कर्ज जीडीपीच्या 200 टक्क्यांच्या वर आहे आणि तरी चालतंय, कारण ते येनमध्ये आणि बहुतांश घरातल्यांकडूनच घेतलेलं आहे. श्रीलंकेचं त्याच्या निम्म्याच्या आसपास होतं आणि ती 2022 मध्ये अडकली.

शिरोलीतून कास्टिंग, इचलकरंजीतून कापड किंवा इथल्या कारखान्यांची साखर 60-90 दिवसांच्या उधारीवर बाहेर पाठवणाऱ्याने हे तपासायलाच हवं. गिऱ्हाईक कितीही सचोटीचं असलं, तरी त्याच्या देशात डॉलर नसतील तर तुमचं बिल अडकणारच.

कर्जाचे ढीग वेगळे करा

पहिला ढीग स्वतःच्या चलनातला. भारताचं उदाहरण घ्या. केंद्र सरकारसाठी रिझर्व्ह बँक लिलाव घेते. 91, 182 आणि 364 दिवसांची ट्रेझरी बिलं साधारण बुधवारी, लांब मुदतीचे रोखे शुक्रवारी आणि राज्यांचे रोखे मंगळवारी विकले जातात. नोव्हेंबर 2021 पासून रिटेल डायरेक्टवर 10,000 रुपयांपासून तुम्हीही बोली लावू शकता. अशा कर्जात सरकार सहसा थकत नाही, फार तर महागाई वाढते. पण ‘स्वतःच्या चलनात देश बुडतच नाही’ हे खरं नाही. ऑगस्ट 1998 मध्ये रशियाने रुबलमधलीच अल्पमुदतीची बिलं थकवली होती.

दुसरा ढीग डॉलरच्या रोख्यांचा, ज्यांना बाजारात युरोबाँड म्हणतात. नावात युरो आहे, पण युरो या चलनाशी त्याचा संबंध नाही. व्याज सहसा वर्षातून दोनदा असतं, मुद्दल बहुधा शेवटी एकरकमी आणि कायदा न्यूयॉर्कचा किंवा इंग्लंडचा. तिसरा ढीग सरकारांनी सरकारांना दिलेल्या कर्जाचा, त्यात चीन, जपान, भारत, फ्रान्स असे देणेकरी, म्हणजे कर्ज देणारे, येतात. चौथा आंतरराष्ट्रीय नाणेनिधी (आयएमएफ), जागतिक बँक, आशियाई विकास बँक यांचा. देश अडकला तरी या चौथ्या ढिगाला प्रथेने कात्री (येण्यातली घट) लागत नाही. म्हणजे या संस्थांचा वाटा जितका मोठा, तितका भार बाकीच्यांनी जास्त सोसायचा.

चार आकडे काढा

हे सगळे आकडे फुकट मिळतात. नाणेनिधीच्या त्या देशावरच्या वार्षिक अहवालात कर्जाच्या शाश्वततेची वेगळी पुरवणी असते, आणि गंगाजळीचा आकडा त्या देशाची मध्यवर्ती बँक दरमहा देते.

पहिला आकडा गंगाजळीचा, म्हणजे देशाकडे साठलेल्या परकीय चलनाचा. ती किती महिन्यांच्या आयातीला पुरेल ते काढा. तीन महिन्यांच्या खाली गेली की सावध व्हायचं. मात्र जाहीर आकडा आणि वापरता येणारा आकडा वेगळा असू शकतो, आणि फसगत इथेच होते. मार्च 2022 अखेर श्रीलंकेची गंगाजळी कागदावर 1.9 अब्ज डॉलर दिसत होती. त्यातला सुमारे दीड अब्ज चीनच्या मध्यवर्ती बँकेसोबतचा स्वॅप (चलनांची तात्पुरती अदलाबदल) होता आणि त्याला वापराच्या अटी होत्या. मे महिन्यात तिथल्या अर्थमंत्र्यांनीच सांगितलं की वापरण्याजोगे पाच कोटी डॉलरही उरलेले नाहीत. अहवालातली ‘यात स्वॅप धरला आहे’ अशी तळटीप वाचल्याशिवाय पान उलटू नका. आपणही 1991 मध्ये या कड्यावर उभे होतो. तेव्हा सुमारे 47 टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे ठेवून सुमारे 40 कोटी डॉलर उभे केले, पण हप्ता चुकवला नाही.

दुसरा आकडा हप्त्यांचा. वर्षाचं परदेशी व्याज आणि मुद्दल मिळून निर्यातीच्या आणि सरकारी महसुलाच्या किती टक्के होतं ते बघा. गरीब देशांसाठी नाणेनिधी आणि जागतिक बँक ज्या मर्यादा धरतात, त्या निर्यातीच्या 10, 15 आणि 21 टक्के आणि महसुलाच्या 14, 18 आणि 23 टक्के आहेत. कारभार कमकुवत असेल तर पहिली मर्यादा, मध्यम असेल तर दुसरी, भक्कम असेल तर तिसरी.

तिसरा आकडा परकीय चलनातल्या कर्जाचा वाटा. जीडीपी 100 धरा, कर्ज 100 धरा आणि त्यातलं निम्मं डॉलरमधलं समजा. चलन डॉलरला 200 वरून 360 वर घसरलं (मार्च ते मे 2022 मध्ये श्रीलंकेचा रुपया साधारण एवढाच घसरला) की डॉलरमधलं 50 चं कर्ज स्थानिक चलनात 90 होतं. एक पैसाही नवा न घेता एकूण कर्ज 140. वास्तवात महागाईने जीडीपीचा आकडाही फुगतो, पण तो मागाहून.

चौथा आकडा बाजाराचा. त्या देशाच्या डॉलर रोख्याचा परतावा अमेरिकन सरकारी रोख्यापेक्षा 10 टक्के-बिंदूंनी, म्हणजे 1,000 बेसिस पॉइंटने जास्त झाला, की नवा रोखा विकायची वाट जवळपास बंद झाली असं समजा. नवं-जुनं थांबलं. यानंतर अर्थमंत्री काय बोलतात याला फारशी किंमत देऊ नका.

थकबाकीचा दिवस कसा ओळखायचा

हप्ता चुकला की लगेच डिफॉल्ट होत नाही. व्याजासाठी रोख्याच्या करारात बहुधा 30 दिवसांची सवलत असते. श्रीलंकेने 12 एप्रिल 2022 ला परदेशी देणी थांबवल्याचं जाहीर केलं, 18 एप्रिलला 7.8 कोटी डॉलरचं व्याज चुकवलं आणि 18 मेला सवलत संपल्यावर ती करारानुसार थकबाकीदार झाली. पुढे दोन कलमं चालतात. एका रोख्यावर थकलं की बाकीच्या रोख्यांवरही थकल्याचं धरता येतं. आणि सहसा 25 टक्के रोखेधारक एकत्र आले की ते सगळं मुद्दल आत्ताच मागू शकतात.

जप्ती? इथे देशाची गोष्ट आपल्या पतसंस्थेच्या कर्जदारापेक्षा वेगळी होते. देशाचं घर, ट्रॅक्टर कोणी ओढून नेत नाही. परदेशात सापडेल त्या सरकारी मालमत्तेवरच दावा लावता येतो. ऑक्टोबर 2012 मध्ये अर्जेंटिनाच्या नौदलाचं प्रशिक्षण जहाज लिबर्ताद घानाच्या टेमा बंदरात असंच अडकवलं होतं. दावा एनएमएल कॅपिटल या फंडाचा होता. डिसेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय सागरी न्यायाधिकरणाच्या आदेशाने ते सुटलं.

या काळात तुमच्या बिलाचं काय

खाजगी खरेदीदाराकडचं तुमचं बिल म्हणजे सरकारचं कर्ज नव्हे, आणि अल्पमुदतीची व्यापारी उधारी पुनर्रचनेतून (थकलेल्या कर्जाच्या अटी नव्याने ठरवण्यातून) सहसा बाहेरच ठेवली जाते. तरी तो स्थानिक चलनात पैसे भरतो आणि त्याच्या बँकेकडे डॉलर नसतात, म्हणून बिल अडकतं. यासाठी देणी थांबल्याची बातमी यायच्या आत पुढची कामं करून ठेवायला हवीत. उशिराने केली तर उपयोग नाही.

एलसी, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेचं पैशाचं हमीपत्र, घेताना ती तिसऱ्या देशातल्या चांगल्या बँकेकडून कन्फर्म करून घ्या, म्हणजे त्या बँकेचीही हमी मिळते. फक्त ‘अॅडव्हाइज’ केलेल्या एलसीत तुमची बँक निरोप पोहोचवते, पैशाची हमी घेत नाही. हा फरक न वाचता माल भरणारे बरेच आहेत. उधारी 90 दिवसांवरून 30 वर आणा, किंवा निम्मी रक्कम आगाऊ घ्या. निर्यातीच्या बिलांचा विमा उतरवणारं निर्यात पत हमी महामंडळ, म्हणजे ईसीजीसी, देशांना ए-1 पासून डी पर्यंत सात गटांत ठेवतं. देश खालच्या गटात गेला की प्रीमियम वाढतो, आणि काही देशांना मर्यादित संरक्षणच मिळतं. पॉलिसीत ‘रक्कम परदेशी पाठवायला होणारा विलंब’ ही जोखीम धरली आहे का, भरपाई किती टक्के आणि किती महिन्यांनी, हे तपासा. खरेदीदाराने स्थानिक चलनात पैसे जमा केल्याचा बँकेचा कागद त्याच दिवशी मागवा. त्याच्याशिवाय दाव्यात ‘खरेदीदारच बुडवा होता’ असा वाद निघतो.

पुनर्रचना कोणत्या क्रमाने होते

देश आधी सल्लागार नेमतो. श्रीलंकेने मे 2022 मध्ये लझार्ड आणि क्लिफर्ड चान्सला घेतलं. मग नाणेनिधीशी अधिकारी पातळीवरचा करार होतो. त्यांचा सप्टेंबर 2022 मध्ये झाला. पुढची पायरी सगळ्यात रटाळ असते. देणेकरी सरकारांनी ‘आम्ही सवलत देऊ’ असं लेखी आश्वासन दिल्याशिवाय नाणेनिधीचं मंडळ पैसे मंजूर करत नाही. जानेवारी 2023 मध्ये हे आश्वासन पहिल्यांदा भारताने दिलं, आणि 20 मार्चला सुमारे 3 अब्ज डॉलरचा कार्यक्रम मंजूर झाला. भारत, जपान आणि फ्रान्स अध्यक्ष असलेल्या देणेकरी सरकारांच्या समितीशी करार व्हायला जून 2024 उजाडला. सुमारे 12.5 अब्जांच्या रोख्यांची अदलाबदल डिसेंबर 2024 मध्ये झाली. देणी थांबवल्यापासून एकूण 32 महिने.

इतका वेळ का लागतो? प्रत्येक देणेकऱ्याला वाटतं की मी सोडलेल्या पैशातून दुसऱ्याचे फिटतील. म्हणून पॅरिस क्लब, म्हणजे कर्ज देणाऱ्या सरकारांचा एक गट, ‘समान वागणूक’ मागतो, म्हणजे आम्ही दिली तेवढी सवलत इतरांकडूनही घ्या. पॅरिस क्लबात चीन नाही, भारतही नाही. 2020 मध्ये जी-20 ने गरीब देशांच्या कर्ज-पुनर्रचनेसाठी सामाईक चौकट आणली. झांबियाने नोव्हेंबर 2020 मध्ये हप्ता चुकवला आणि या चौकटीतून त्याचे रोखे बदलायला 2024 उजाडलं.

घरातल्या देणेकऱ्यांवरही वेळ येते. घानाने 2023 च्या सुरुवातीला देशी रोखे बदलायला घेतले, तेव्हा पेन्शनवर जगणारे रोखेधारक अर्थमंत्रालयासमोर धरणं धरून बसले.

आडमुठे देणेकरी

100 पैकी 90 जण तयार झाले आणि 10 जण पूर्ण पैशासाठी अडून बसले तर? अर्जेंटिनात हेच झालं. 2005 मध्ये सुमारे 76 टक्के आणि 2010 नंतर एकूण सुमारे 93 टक्के कर्ज बदललं गेलं. उरलेल्यांनी न्यूयॉर्कच्या कोर्टातून आदेश मिळवला की आम्हाला दिल्याशिवाय बदललेल्या रोख्यांचंही व्याज देता येणार नाही. परिणामी 2014 मध्ये देश पुन्हा थकला आणि 2016 मध्ये तडजोड करावी लागली.

यावर उतारा म्हणजे सामूहिक कृतीचं कलम. 2014 नंतरच्या बहुतेक रोख्यांत सर्व मालिका (एकाच अटी-मुदतीचे रोखे म्हणजे एक मालिका) मिळून 75 टक्के मतं पडली की निर्णय सगळ्यांवर बांधतो. जुन्या रोख्यांत मोजणी मालिकेगणिक असते आणि तिथे गोम निघते. श्रीलंकेच्या जुलै 2022 ला मुदत संपणाऱ्या 100 कोटी डॉलरच्या मालिकेत हॅमिल्टन रिझर्व्ह बँकेकडे 25 टक्क्यांहून थोडा जास्त वाटा होता. तेवढ्यावर अडवणूक करता आली आणि दावा न्यूयॉर्कला गेला. ग्रीसने 2012 मध्ये वेगळीच वाट काढली. बहुतांश रोखे ग्रीक कायद्याखाली होते, तेव्हा संसदेने कायदा करून हे कलम मागाहून घातलं. परदेशी कायद्याखालच्या काही आडमुठ्यांना मात्र पूर्ण पैसे मोजावे लागले.

कात्री किती लागली ते स्वतः मोजा

बातमीत ‘25 टक्के हेअरकट’ (म्हणजे कात्री) आलं की थांबा. तो बहुधा फक्त मुद्दलावरचा आकडा असतो. खरी कात्री व्याजात आणि मुदतीत लपलेली असते. कॅल्क्युलेटर घ्या.

जुना रोखा: मुद्दल 100, व्याज 7 टक्के, 3 वर्षं उरलेली. नवा रोखा: मुद्दल 75, व्याज 5 टक्के, मुदत 10 वर्षं, मुद्दल शेवटी. सोयीसाठी व्याज वर्षातून एकदा धरू आणि पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत 11 टक्के दराने काढू.

नव्याचं व्याज वर्षाला 3.75. 10 वर्षांचा गुणक (दरवर्षी मिळणाऱ्या 1 ची आजची एकूण किंमत) 5.889, म्हणून 22.08. मुद्दल 75 भागिले 2.839 (1.11 चा दहावा घात), म्हणजे 26.41. एकूण सुमारे 48.5.

जुन्याचं व्याज 7 गुणिले 2.444, म्हणजे 17.11. मुद्दल 100 भागिले 1.368, म्हणजे 73.12. एकूण 90.2.

48.5 ला 90.2 ने भागा, 0.54 येतं. म्हणजे खरी कात्री 46 टक्क्यांची. हाच हिशेब 14 टक्क्यांनी केला तर नवा 39.8, जुना 83.8 आणि कात्री 52 च्या पुढे. म्हणून कुठल्याही लेखात दर न सांगता हेअरकटचा आकडा दिला असेल तर तो वापरू नका. एक्सेलमध्ये पीव्ही फंक्शनला दर, वर्षं, व्याज आणि मुद्दल दिलं की हे दोन मिनिटांत होतं. आणि नव्या रोख्यात जीडीपीला जोडलेली अट असेल, जशी श्रीलंकेच्या काही रोख्यांत आहे, तर अर्थव्यवस्था चांगली चालली तेव्हाचा आणि वाईट चालली तेव्हाचा असे दोन हिशेब मांडा.

पुन्हा उधारी कधी सुरू करायची

रोखे बदलले, पतमानांकन वर गेलं, एवढ्यावर 90 दिवसांची उधारी उघडू नका. तिथली बँक एलसीसाठी 100 टक्के मार्जिन (पूर्ण रक्कम आधीच जमा) मागायची थांबली का आणि आयातबंदीची यादी किती लांब आहे, ते आधी खरेदीदाराला विचारा. श्रीलंकेने मार्च 2020 मध्ये घातलेली वाहन-आयातबंदी 2025 च्या सुरुवातीला उठवायला घेतली. शिरोलीत वाहनांचे भाग ओतणाऱ्याला रोख्यांच्या अदलाबदलीपेक्षा ही तारीख जास्त कामाची होती.