रीलोडनंतर कनेक्शन टिकवताय? या चुका टाळा

पान रीलोड झालं की वेबसॉकेट, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधलं सतत उघडं कनेक्शन, मरतं. ते वाचवायच्या नादाला लागू नका. वाचवायची ती त्याची ओळख: सेशन आयडी आणि शेवटी मिळालेल्या मेसेजचा क्रमांक. तरीही काही जण सॉकेटचं अख्खं ऑब्जेक्ट जेसन (मजकुराच्या रूपातला डेटा) करून लोकलस्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या कायमच्या साठ्यात) टाकतात. एकदा उघडून तरी बघा, आत नुसता रिकामा महिरपी कंस असतो.

पण खरं डोकं खाते ती दुसरीच चूक. सेशनस्टोरेज (ब्राउझरचा टॅबनिहाय साठा) रीलोडनंतर टिकतं, शेजारच्या टॅबला दिसत नाही, म्हणून त्यातला आयडी त्या टॅबपुरताच, असं सगळे धरून चालतात. टॅब डुप्लिकेट केला की सेशनस्टोरेजचीही प्रत निघते, हे कुणी तपासत नाही. एका टीमचा सर्व्हर असाच बेजार झाला होता. लॉगमध्ये एकच आयडी सारखा आत-बाहेर. एकाच वापरकर्त्याचे दोन टॅब: नवा आला की सर्व्हर जुन्याला हाकलणार, जुना लगेच परत येऊन नव्याला. टीमने काय केलं, तर रीकनेक्टचा टायमर वाढवला. भांडण मिटलं नाही, फक्त संथ झालं!

मी पान उघडताच त्या आयडीच्या नावाने वेब लॉक (एका वेळी एकाच टॅबला मिळणारं ब्राउझरचं कुलूप) मागतो. रीलोडमध्ये जुना लॉक सुटायला क्षणभर लागू शकतो, म्हणून थांबून पुन्हा एकदा मागतो. तरी मिळाला नाही तर हा टॅब प्रत आहे, त्याला नवा आयडी. शिवाय सर्व्हरने हाकलताना 4000 ते 4999 मधला क्लोज कोड (कनेक्शन का बंद केलं ते सांगणारा आकडा) द्यावा आणि तो दिसला की क्लायंटने, म्हणजे ब्राउझरमधल्या ॲपने, पुन्हा न जोडता गप्प बसावं.

अनलोडवर, म्हणजे पान बंद होतानाच्या इव्हेंटवर, सर्व्हरला निरोप पाठवू नका. मोबाइलवर तो इव्हेंट येईलच असं नाही.

इव्हेंटसोर्स (सर्व्हरकडून एकतर्फी मेसेज घेणारं ब्राउझरचं ऑब्जेक्ट) तुटलं तर शेवटच्या मेसेजचा आयडी स्वतःहून पाठवतं, पण रीलोडनंतरच्या नव्या ऑब्जेक्टला तो ठाऊक नसतो. क्रमांक स्वतः साठवा, यूआरएलमधून द्या. लॉगिनची ओळख पटवणारं टोकन मात्र यूआरएलमध्ये नको, लॉगमध्ये सांडतं.

शेअर्ड वर्कर (सगळ्या टॅबसाठी मागे चालणारी एकच स्क्रिप्ट) हा घाईवाल्यांचा लाडका शॉर्टकट. एकच टॅब उघडा असेल तर रीलोडबरोबर वर्करही जाऊ शकतो.

आणि सर्व्हरने जुने मेसेज थोडा वेळ तरी धरून ठेवायला हवेत. क्लायंटने मागितलेला क्रमांक बफरमधून गेला असेल तर सरळ तसं कळवा आणि सगळा डेटा नव्याने द्या. मधले मेसेज गुपचूप गाळून पुढे जाणारी ॲप्स मी पाहिली आहेत, त्यांचे बग महिनोन्महिने सापडत नाहीत.