एका तारेवर दोन आउटपुट: सिम्युलेटरमधल्या 'एक्स'चा छडा कसा लावावा

डिजिटल सर्किटच्या सिम्युलेशनमध्ये (संगणकावरील चाचणीत) एखाद्या तारेवर 'एक्स', म्हणजे 0 की 1 हे ठरत नाही अशी खूण, दिसला की पहिला संशय लॉजिकवर घेतला जातो. परंतु त्या तारेला एकाहून अधिक आउटपुट जोडलेली असतील, तर आधी त्यांच्या स्ट्रेंग्थचा, म्हणजे प्रत्येक आउटपुट तारेवर किती जोर लावते याचा, हिशेब मांडावा, कारण सिम्युलेटर तोच हिशेब करून तारेचे मूल्य ठरवत असतो.

व्हेरिलॉग या हार्डवेअर वर्णनाच्या भाषेत स्ट्रेंग्थच्या आठ पायऱ्या आहेत: सप्लाय 7, स्ट्राँग 6, पुल 5, लार्ज 4, वीक 3, मीडियम 2, स्मॉल 1 आणि हाय-झेड (म्हणजे तार मोकळी सोडणे) 0. यांपैकी लार्ज, मीडियम आणि स्मॉल या ट्रायरेग नावाच्या नेटमध्ये (नेट म्हणजे तार) साठून राहिलेल्या चार्जसाठी असल्यामुळे रोजच्या कामात त्यांची गाठ क्वचितच पडते. गेटला किंवा असाइन विधानाला (तारेला सतत मूल्य देणाऱ्या ओळीला) वेगळे काही सांगितले नसेल तर स्ट्राँग गृहीत धरले जाते. तारेला सौम्यपणे 1 कडे ओढणारा पुलअप आणि 0 कडे ओढणारा पुलडाउन मात्र पुल पायरीवर असतात.

हिशेब करताना तारेला जोडलेले सर्व ड्रायव्हर (तिला मूल्य देणारी आउटपुट), खालच्या मॉड्यूलमधून पोर्टमार्गे येणारेही, कागदावर उतरवावेत आणि प्रत्येकाचे त्या क्षणीचे मूल्य व स्ट्रेंग्थ लिहावी. झेड (हाय-झेड) देणारे ड्रायव्हर वगळून उरलेल्यांतील सर्वांत वरची पायरी पाहावी. त्या पायरीवरील सर्वांचे मूल्य एकच असेल तर तेच तारेचे मूल्य. त्यांत 0 आणि 1 दोन्ही असतील तर साध्या वायरवर एक्स येतो, तर वँड आणि वॉर प्रकारच्या नेटवर अनुक्रमे अँड आणि ऑर होते. येथे संख्याबळाला काहीही किंमत नाही: पुल पायरीवरचे दहा 1 एकत्र आले तरी स्ट्राँगच्या एका 0 पुढे ते हरतात. प्रत्यक्ष सर्किटमध्ये समांतर रोधांमुळे प्रवाह वाढतो. सिम्युलेटर अशी बेरीज करत नाही, म्हणून या पायऱ्यांना व्होल्टेज समजू नये.

आय-टू-सी बसची, म्हणजे अनेक उपकरणांना जोडणाऱ्या सामाईक तारांच्या जोडणीची, डेटा तार घ्या. पुलअप तिला पुल 1 देतो. एखादे उपकरण बोलू लागले की स्ट्राँग 0 देते आणि गप्प असताना झेड. त्यामुळे तारेवर 0 किंवा 1 स्वच्छ उमटतो. मात्र त्या उपकरणाचे इनेबल (बोलायचे की गप्प राहायचे हे ठरवणारा संकेत) स्वतःच एक्स असेल, तर निकाल लिहिण्याच्या पद्धतीवर अवलंबून राहतो. प्रश्नचिन्हाच्या असाइन विधानातून (इनेबल असेल तर 0, नाहीतर झेड) 0 आणि झेड यांचे मिश्रण होऊन स्ट्राँग एक्स बाहेर पडतो. बफ-इफ-वन गेट (इनेबल 1 असतानाच मूल्य पुढे सोडणारे) वापरल्यास 'स्ट्राँग 0 किंवा झेड' असे संदिग्ध मूल्य निघते आणि पुलअपशी गाठ पडल्यावर तार '65एक्स' दाखवते, म्हणजे 0 चा घटक स्ट्राँग आणि 1 चा घटक पुल. दोन्हीकडे दिसतो एक्सच, पण दुसऱ्या रूपातून संशयाची दिशा कळते. हे रूप पाहण्यासाठी डिस्प्ले विधानात टक्क्याच्या चिन्हापुढे व्ही लिहावा. नेहमीच्या बायनरी छपाईत स्ट्रेंग्थ दिसतच नाही.

हे सर्व नेटपुरतेच लागू आहे. दोन ऑलवेज ब्लॉक (पुन्हा पुन्हा चालणारे कोडचे तुकडे) एकाच रेगला, म्हणजे मूल्य साठवणाऱ्या चलाला, लिहीत असतील तर तेथे स्ट्रेंग्थची तुलना होत नाही. शेवटी लिहिलेले मूल्य टिकते, आणि माझ्या मते ही चूक एक्सपेक्षा अधिक घातक, कारण ती दिसतच नाही.

व्हीएचडीएल या दुसऱ्या हार्डवेअर भाषेत स्ट्रेंग्थ मूल्यातच सामावलेली असते. स्टँडर्ड लॉजिकच्या नऊ मूल्यांत 0 आणि 1 जोरदार, तर एल (दुबळा 0) आणि एच (दुबळा 1) दुबळे आहेत. एल व एच भिडले की डब्ल्यू (दुबळा एक्स) येतो, 0 व 1 भिडले की एक्स. यू (अजून मूल्यच न मिळालेला) मात्र सर्वांवर मात करतो. एखाद्या प्रोसेसमध्ये (ऑलवेज ब्लॉकसारख्या तुकड्यात) सिग्नलला मूल्य देणारी ओळ असली, पण ती अद्याप चाललीच नसली, तरी त्या प्रोसेसचा ड्रायव्हर सुरुवातीच्या यू वरच राहतो आणि बाकीचे कितीही नीट वागले तरी बस यू दाखवते. अशा वेळी सिग्नलच्या घोषणेतच झेड हे आरंभमूल्य द्यावे. ज्या सिग्नलला एकच ड्रायव्हर अपेक्षित आहे तो स्टँडर्ड यू-लॉजिक या, एकाहून अधिक ड्रायव्हर न चालणाऱ्या, प्रकाराचा ठेवावा, म्हणजे चुकून दुसरा ड्रायव्हर जोडला गेल्यास सिम्युलेशन सुरू होण्यापूर्वीच एरर येते.