हाडांसाठी डबा नको, ताट नीट वाढा

पन्नाशीला आलेल्या बायका माझ्याकडे येतात तेव्हा पिशवीत बहुतेक कसल्यातरी पावडरीचा डबा असतो. "ताई, यात अँटिऑक्सिडंट आहेत म्हणे, हाडं मजबूत होतात." मी अमळनेरला आहारसल्ला देते. माझं पहिलं सांगणं ठरलेलं: डबा राहू द्या, घरी काय शिजतं ते सांगा.

हाड एकदा बनलं की संपलं असं नसतं. धाब्याच्या घरावर दरवर्षी नवी माती टाकावी लागते, तशी हाडाचीही डागडुजी सतत चालू असते. काही पेशी जुनं हाड झिजवतात, काही नवं भरतात. शरीरात फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर कण, वाढले की झिजवणाऱ्या पेशींना जोर चढतो आणि भरणाऱ्या मागे पडतात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं, तेव्हा हा तोल आणखी बिघडतो. तिथे भाज्या-फळांतली अँटिऑक्सिडंट, म्हणजे फ्री रॅडिकल्सना आवर घालणारी द्रव्यं, कामी येऊ शकतात. शिवाय हाडाचा सांगाडा ज्या कोलॅजन नावाच्या प्रथिनाचा असतो, ते 'क' जीवनसत्त्वाशिवाय नीट बनतच नाही.

अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाचा २०२२ चा अभ्यास आहे. पाळी गेलेल्या बायकांनी वर्षभर रोज ५० ग्रॅम सुके आलुबुखार खाल्ले, त्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता टिकली. न खाणाऱ्यांची घटली. त्या फळात 'के' जीवनसत्त्व, पोटॅशियमही असतं, म्हणून सगळं श्रेय एकट्या अँटिऑक्सिडंटना देता येत नाही. कॅप्सूलवर माझा विश्वास नाही तो यामुळेच.

आता स्वयंपाकघरात चला. लिंबू फोडणीत किंवा उकळत्या वरणात पिळू नका, 'क' जीवनसत्त्व उष्णतेने जातं. ताटात वाढल्यावर पिळा. टोमॅटोचं उलटं आहे: त्यातलं लायकोपिन हे लाल रंगाचं अँटिऑक्सिडंट तेलात शिजवल्यावर अंगी जास्त लागतं, तेव्हा चटणी चांगली परतून घ्या. आपल्या भरिताची हिरवी वांगी खुशाल भाजा, गरातली फिनॉलिक द्रव्यं, तीही अँटिऑक्सिडंटच, उपयोगाची आहेत. फक्त कांद्याची पात आणि कोथिंबीर भरीत कांडून झाल्यावर कच्चीच घाला, आणि हात आखडू नका. मेथी आधी धुवा, मग चिरा. भाजी उकळून पाणी टाकून देण्याची सवय सोडा, त्या पाण्यात कळण्याच्या भाकरीचं पीठ मळा. हिवाळ्यात रोज एक पेरू, नाहीतर आवळा. पेरूत १०० ग्रॅममागे २०० मिलिग्रॅमच्या आसपास 'क' असतं. मोठ्या माणसाची दिवसाची गरज १०० च्याही आत आहे.

पण एवढ्यावर हाड भरत नाही. कॅल्शियम लागतंच: दूध-दही, शेवग्याचा पाला, सालासकट तीळ. पालकातलं कॅल्शियम मात्र त्यातल्याच ऑक्झलेट या द्रव्यात अडकतं, म्हणून फारसं मिळत नाही. डाळ, कोवळं ऊन आणि पायी चालणं हवं. आणि घरात कोणी बिडी ओढत असेल तर आधी ती बंद करा, कारण धूर हाडं झिजवतोच.

रक्त पातळ करायची वॉरफरीन गोळी चालू असेल तर पालेभाज्या एकदम वाढवू किंवा बंद करू नका, डॉक्टरांना विचारून रोज साधारण सारख्याच ठेवा. आणि ओट्याशी उभ्या उभ्या घसरून मनगट मोडलं असेल, तर आहारावर विसंबून बसू नका. हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करून घ्या.