गाडी पुसायचा मायक्रोफायबर टॉवेल पाणी शोषत नाहीये? फेकायच्या आधी हे करून बघा

नवा असताना एका फटक्यात अख्खं बॉनेट कोरडं करणारा टॉवेल काही महिन्यांनी पाणी नुसतं इकडून तिकडे ढकलत बसतो, काचेवर ओघळ सोडतो, आणि मग आपण म्हणतो गेला हा, आता दुसरा घ्यावा. बहुतेक वेळा तो गेलेला नसतो. त्याच्या धाग्यांवर कशाचा तरी थर बसलेला असतो, तो थर काढला की टॉवेल परत कामाला लागतो. फक्त थर कसला आहे ते आधी ओळखायला पाहिजे, नाहीतर नुसतं धूत बसाल आणि फरक काही पडणार नाही.

थोडं आतलं समजून घेऊ. मायक्रोफायबर म्हणजे पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड, म्हणजे नायलॉनच, यांचं मिश्रण, साधारण ८०-२० किंवा ७०-३० या प्रमाणात. धागा केसापेक्षाही खूप बारीक असतो आणि चांगल्या टॉवेलमध्ये तो चिरून आणखी बारीक केलेला असतो, त्यामुळे आत असंख्य फटी तयार होतात आणि पाणी त्या फटींमध्ये ओढलं जातं. पॉलिएस्टर स्वतः पाणी जवळपास पीतच नाही, सगळं काम फटींचं. आता गंमत अशी की याच पॉलिएस्टरला तेलकट गोष्टींची भारी ओढ, म्हणजे वॅक्स, स्प्रे सीलंट (पेंटवर मारायचा संरक्षक थर), डॅशबोर्ड पॉलिशमधलं सिलिकॉन, कपड्यांचं सॉफ्टनर, जे मिळेल ते धाग्याला चिकटतं आणि पाण्याला आत शिरू देत नाही.

सगळ्यात आधी टेस्ट करा. टॉवेल पूर्ण कोरडा असताना सपाट पसरा आणि वर बोटाने पाण्याचे चारपाच थेंब टाका, दोनतीन वेगवेगळ्या जागी टाका कारण टॉवेल सगळीकडे सारखा खराब झालेला नसतो. थेंब मण्यासारखा वर उभाच राहिला तर तेलकट थर किंवा सॉफ्टनर. थेंब जिरतो पण रमतगमत जिरतो आणि टॉवेल हाताला राठ, कडक लागतो, तर जड पाण्यातले क्षार. आणि थेंब पटकन आत गेला तर टॉवेल ठीक आहे, गडबड दुसरीकडे आहे: गाडीवरचा शाम्पू नीट धुतला गेला नाही, किंवा नुकतंच वॅक्स लावलंय, किंवा टॉवेल आधीच पाण्याने गच्च झालाय आणि तुम्ही न पिळता पुसताय. अगदी कोरा टॉवेलही कधीकधी या टेस्टमध्ये नापास होतो कारण कारखान्यातलं फिनिशिंग त्यावर असतं, म्हणून नवा टॉवेल वापरायच्या आधी एकदा धुवायचाच.

आता धुणं. आधी टॉवेल बाहेर जोरात झटका, मग साध्या वाहत्या पाण्याखाली धरून हाताने दाबत दाबत माती काढून टाका. ही पायरी लोक गाळतात आणि मग तीच माती धाग्यात अडकून पुढच्या वेळी गाडीच्या पेंटवर बारीक ओरखडे काढते.

मग बादलीत ५ लिटर गरम पाणी घ्या, हाताला सोसेल इतपत, साधारण ४० अंश. टॉवेलच्या लेबलवर ६० लिहिलं असेल तर तेवढं गरम चालेल आणि तेलकट थरासाठी ते जास्त चांगलं. त्यात १-२ चमचे लिक्विड डिटर्जंट, ज्यात सॉफ्टनर नाही असं, सुगंध जितका कमी तितकं बरं. पावडर टाळा, गार पाण्यात ती पुरती विरघळत नाही आणि न विरघळलेले कण धाग्यात बसतात. वॅक्सचा थर जाड असेल तर डिटर्जंटऐवजी भांडी घासायचं लिक्विड थोडंसं घ्या, चिकटपणा ते छान तोडतं, पण हे बादलीतच, वॉशिंग मशीनमध्ये घातलं तर फेसच फेस होईल. टॉवेल अर्धा तास भिजत ठेवा, मधेमधे दाबा, उलटा करा, पाणी मळकट आणि चिकट झालं तर फेकून नवीन पाण्यात परत. ब्रशने घासू नका, टॉवेलवरचे धाग्याचे बारीक फास, म्हणजे लूप, उसवतात.

मायक्रोफायबरसाठी म्हणून वेगळे शाम्पू मिळतात ते वापरायला हरकत नाही, पण माझ्या मते सॉफ्टनर नसलेलं साधं डिटर्जंट तेच काम करतं.

यानंतर येतं खळबळणं, आणि इथेच बहुतेक जण घाई करतात. डिटर्जंट धाग्यात राहिलं तर तोच नवा थर झाला ना! स्वच्छ पाण्यात खळबळा, पाणी बदला, परत खळबळा, टॉवेल दाबल्यावर फेस यायचा पूर्ण थांबेपर्यंत. मशीनमध्ये धूत असाल तर एक्स्ट्रा रिन्स लावाच, आणि सुती कपड्यांबरोबर कधीच घालू नका कारण त्यांचा लिंट, म्हणजे सुटलेले बारीक तंतू, मायक्रोफायबरमध्ये असा गुंततो की निघता निघत नाही.

टॉवेल राठ होता, म्हणजे क्षारांची केस होती, तर आता व्हिनेगरची पाळी. साधं पांढरं व्हिनेगर, ५ लिटर पाण्याला १ कप, त्यात २०-३० मिनिटं बुडवून ठेवायचं आणि मग परत साध्या पाण्यातून काढायचं. यातलं ॲसिड क्षार विरघळवतं. डिटर्जंटमध्येच व्हिनेगर ओतू नका, दोघं एकमेकांचा जोर कमी करतात, आधी धुणं मग व्हिनेगर असा क्रम ठेवा. आणि हे नीट वाचा: व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करायचं नाही, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. तसंही ब्लीच नायलॉन खराब करतं, त्यामुळे या टॉवेलच्या आसपास ते नकोच.

वाळवताना हलकेच पिळा, घट्ट पीळ देऊन मुरगळू नका, आणि सावलीत वाऱ्यावर टाका. ड्रायर असेल तर सगळ्यात कमी हीटवर, ड्रायर शीट (कपड्यांबरोबर ड्रायरमध्ये टाकायचा सुगंधी कागद) अजिबात नको कारण तिच्यात सॉफ्टनरच असतं. इस्त्री तर विसराच. उष्णतेने धागे मऊ पडून चपटे होतात, फटी बुजतात, आणि हे नुकसान मात्र परत भरून येत नाही.

वाळला की परत थेंबांची टेस्ट. थोडा फरक पडला पण पूर्ण नाही, तर हीच धुलाई अजून एकदा, जुना थर एका धुण्यात जाईलच असं नाही. दोनतीनदा करूनही थेंब वर तरंगतोय, किंवा टॉवेल हाताला खरखरीत, वितळल्यासारखा लागतोय, तर मग त्याला चाकं आणि इंजिन बे पुसायला लावा. जमिनीवर पडलेला टॉवेलही तिकडेच, धुतला तरी वाळूचा एखादा कण राहिला की पेंटवर रेघ आलीच.

पुढे परत असं होऊ नये म्हणून गाडी वाळवायचा टॉवेल फक्त त्याच कामाला ठेवा, वॅक्स काढायला वेगळा, आतली सफाई करायला वेगळा, आणि धुतानाही वॅक्सवाले बाजूला. वापरताना टॉवेल अगदी कोरडा ठक्क असेल तर आधी थोडा ओला करून पिळून घ्या, किंचित दमट टॉवेल पाणी जास्त पटकन ओढतो, आणि गाडी पुसताना भरला की लगेच पिळा.