आप्पेपात्रात करावयाचे थाई खनोम ख्रोक

थायलंडमध्ये ‘खनोम’ हा शब्द गोडधोड आणि मधल्या वेळचे खाणे या दोहोंसाठी वापरतात. त्यांतील बहुतेक जुने पदार्थ तांदळाची पिठी, नारळाचे दूध आणि ताडगूळ यांचेच असतात. अंड्याच्या बलकाचे तंतू उकळत्या पाकात सोडून केलेले ‘फोइ थाँग’ मात्र पोर्तुगीज वळणाचे असून, सतराव्या शतकात थायलंडची तेव्हाची राजधानी अयुथया येथील राजवाड्याशी संबंध असलेल्या मारिया गुयोमार दे पिन्हा यांना त्याचे श्रेय दिले जाते. पोर्तुगीजांच्या बदामी मिठाईतील बदामाची जागा थायलंडमध्ये मूगडाळीने घेतली आणि चिमुकल्या फळांच्या आकाराचे ‘लूक चूप’ झाले. गोव्यात त्याच मिठाईत काजू आला.

घरी पहिला प्रयोग करायचा तर खनोम ख्रोक, म्हणजे तांदळाची पिठी आणि नारळाचे दूध यांचे दोन थरांचे छोटे अर्धगोल, निवडावे, कारण त्याला लागणारे खळग्यांचे भांडे, म्हणजे आपले आप्पेपात्र, बहुतेक मराठी घरांत असतेच.

यात दोन मिश्रणे लागतात. खालच्या थरासाठी एक वाटी मोदकाची पिठी, दोन चमचे शिजलेला भात, दीड वाटी नारळाचे पातळ दूध, एक चमचा साखर आणि चिमूटभर मीठ एकत्र बारीक वाटून अर्धा तास ठेवावे. मिश्रण घावनाच्या पिठाइतके पातळ हवे. वरच्या थरासाठी नारळाच्या एक वाटी दाट दुधात तीन चमचे साखर, एक चमचा पिठी आणि पाव चमचा मीठ विरघळवावे. हे मीठ कमी करू नये. थाई गोडाची खरी ओळख त्या खारट चवीतच आहे.

बिडाचे पात्र चांगले तापवून तेलाचा हात फिरवावा. पीठ पडताच चर्र आवाज आला पाहिजे, नाहीतर तळ चिकटतो. खळगे दोन तृतीयांश भरावेत, कडा पांढऱ्या दिसू लागताच वरचे दूध ओतून बारीक चिरलेली कांद्याची पात किंवा मक्याचे दाणे पेरावेत आणि झाकण ठेवून मंद आचेवर सुमारे पाच मिनिटे शिजू द्यावे. आप्प्यासारखे उलटायचे मात्र नाही. कडा सोनेरी आणि मध्यभाग थरथरता असतानाच चमच्याने सोडवून, दोन अर्धगोल एकमेकांवर ठेवून वाढावेत. आतले दूध बराच वेळ कढत राहते, म्हणून लहान मुलांना देताना जरा थांबावे.