शहराच्या हवेतील धूलिकणांचे स्रोत कसे शोधावेत

2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत मुंबई-पुण्याबरोबर जळगावचेही नाव आहे. हवेत धूलिकण किती आहेत हे यंत्र सांगते; ते रस्त्यावरचे, चुलीतले की कारखान्याचे हे मात्र त्या आकड्यावरून कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय आखलेल्या उपायांवरचा खर्च सहज वाया जातो. मोठ्या शहरांत रूढ झालेली शोधपद्धत खानदेशातही चालते, पण स्थानिक स्रोत नीट ओळखले तरच.

सुरुवात यादीने करावी. जळगावपुरती ती अशी होईल: महामार्गावरील वाहने, एमआयडीसीतील कारखाने आणि दालमिल, बांधकामे, वाळूची वाहतूक, पेटवलेला कचरा, कापूस वेचून झाल्यावर शिवारात जाळल्या जाणाऱ्या पऱ्हाट्या आणि भुसावळजवळचे दीपनगर औष्णिक वीज केंद्र.

त्यानंतर पीएम 10 (10 मायक्रॉनपर्यंतच्या व्यासाचे कण) आणि पीएम 2.5 (त्यांतलेच 2.5 मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) यांचे गुणोत्तर पाहावे. (चोवीस तासांच्या सरासरीसाठी देशातील मर्यादा अनुक्रमे 100 आणि 60 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे.) माती आणि रस्त्यावरचा धुरळा मुख्यतः जाड कणांचा असतो, तर ज्वलनातून बारीक कण निघतात, त्यामुळे पीएम 2.5 चा वाटा वाढला की धुराचा संशय घ्यावा. तासागणिक नोंदी वाचताना मात्र जपावे, कारण हिवाळ्यातील रात्री जमिनीलगतची हवा वर मिसळत नाही आणि धूर तेवढाच असूनही आकडा चढतो.

खरा पुरावा हवा ओढून तिच्यातले कण अडवणाऱ्या फिल्टरवर मिळतो. वजन आणि मूलद्रव्यांसाठी टेफ्लॉनचा व कार्बनसाठी क्वार्ट्झचा फिल्टर वापरतात. तपकिरी थर मातीकडे आणि काळा थर काजळीकडे बोट दाखवतो, पण निर्णय रासायनिक तपासणीवरच घ्यावा. सिलिकॉन, ॲल्युमिनियम व कॅल्शियम माती आणि बांधकामाची, बेरियम व तांबे ब्रेकच्या झिजेची, तर लेव्होग्लुकोसान हे लाकूड-काडीकचरा जळल्याची खूण आहे. पऱ्हाट्यांच्या धुरात पोटॅशियमही असते. मात्र ते मातीतही असल्याने एकट्या पोटॅशियमवर विसंबून शेतकऱ्याला दोषी ठरवणे अन्यायाचे होईल.

खानदेशात सर्वांत अवघड काम राख आणि माती वेगळी करण्याचे आहे, कारण कोळशाच्या राखेतही सिलिकॉन आणि ॲल्युमिनियमच प्रमुख असतात. इथली काळी माती बेसॉल्टपासून बनलेली, म्हणून लोह आणि टायटॅनियमने समृद्ध आहे. तेव्हा परक्या शहराची मातीची आकडेवारी उसनी न घेता आपल्याच रस्त्यावरचा, शेतातला आणि राखेचा नमुना गोळा करून तपासावा; शिवाय कोळशाच्या ज्वलनाचे सूचक असलेले आर्सेनिक व सेलेनियम मोजून, पूर्वेकडून वारा असलेल्या दिवसांशी ते जुळतात का हे पडताळावे.

शेवटी स्रोतांचे वाटे काढण्यासाठी दोन प्रतिमाने (गणिती मॉडेल) प्रचलित आहेत. रासायनिक वस्तुमान संतुलनाला प्रत्येक स्रोताची रचना आधी माहीत असावी लागते. पीएमएफला (पॉझिटिव्ह मॅट्रिक्स फॅक्टरायझेशन) ती लागत नाही, पण नमुने भरपूर लागतात. मोजलेल्या वजनाच्या 80 ते 120 टक्क्यांच्या आत हिशेब बसला नाही, तर यादीतून एखादा स्रोत सुटला आहे का ते पाहावे. सल्फेट व नायट्रेटचे कण मात्र कोणत्याही एका धुराड्यातून थेट निघालेले नसून बहुतांशी वायूंपासून हवेतच तयार झालेले असतात, म्हणून त्यांचा वाटा स्वतंत्र दाखवावा.